‘डिप्रेस्ड’ या इंग्रजी विशेषणाचा अर्थ व वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

ब्रिटिशकालीन भारतात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ ही संज्ञा सरकारी अहवाल, कायदेमंडळातील चर्चा आणि सामाजिक परिषदांचे ठराव यांमध्ये दीर्घकाळ रूढ होती. १९३५ च्या भारत सरकार कायद्याने तिची जागा ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ या संज्ञेला दिली. हा बदल वरवर पाहता केवळ शब्दांचा वाटतो. तथापि कोणत्या जनसमूहाला कोणत्या विशेषणाने ओळखावे यावर त्या समूहाची लोकसंख्या, कायदेमंडळातील जागा आणि सार्वजनिक प्रतिष्ठा या तिन्ही गोष्टी अवलंबून होत्या. प्रस्तुत शोधनिबंधात ‘डिप्रेस्ड’ या विशेषणाचा मूळ अर्थ, त्याची भारतातील व्याप्ती, त्यावर घेण्यात आलेले आक्षेप आणि त्याचे मराठी प्रतिशब्द यांचा विचार केला आहे.

विशेषणाची घडण व अर्थच्छटा

‘डिप्रेस्ड’ हे विशेषण ‘खाली दाबणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आले आहे. व्याकरणदृष्ट्या ते भूतकालवाचक धातुसाधित असून त्याचा शब्दशः अर्थ ‘ज्याला खाली दाबले गेले आहे तो’ असा होतो. अशा धातुसाधितात क्रिया व्यक्त होते, परंतु कर्ता अध्याहृत राहतो. दाबणारा कोण, हे शब्द सांगत नाही.

इंग्रजीच्या नित्य व्यवहारात या विशेषणातील क्रियेचा अर्थही क्षीण होत गेला. सभोवतालच्या पातळीपेक्षा खाली गेलेला पृष्ठभाग, मंदीत सापडलेला बाजार, खिन्न झालेले मन या सर्वांना हेच विशेषण लागते. या उपयोगांत कोणी दाबले हा प्रश्न सहसा उद्भवत नाही. केवळ एक अवस्था सूचित होते. म्हणजेच या एका शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात. एक ‘दडपलेला’, दुसरा ‘खचलेला’. पहिल्यात अन्यायाची जाणीव आहे, दुसऱ्यात केवळ दैन्याचे वर्णन आहे. भारतातील पुढील वादाचे मूळ या द्व्यर्थतेत दिसून येते.

सुधारणा चळवळीतील वापर

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ची स्थापना केली. न्यायमूर्ती नारायण गणेश चंदावरकर हे तिचे अध्यक्ष होते. संस्थेचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे ठेवण्यात आले. येथे इंग्रजी व मराठी नावांतील अंतर लक्षणीय आहे. ‘निराश्रित’ म्हणजे ज्याला आश्रय नाही असा. या शब्दात दाबण्याची क्रिया नाही. उणीव आहे आणि ती भरून काढणाऱ्या साह्यकर्त्याची अपेक्षा आहे. संस्थेने शाळा व वसतिगृहांच्या द्वारे केलेले कार्य मोलाचे आहे. पण नावापुरते पाहता, इंग्रजी विशेषणाचा ‘खचलेला’ हा अर्थच मराठीत उतरला असे म्हणावे लागते.

डिसेंबर १९१७ मध्ये कलकत्ता येथील राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाने ‘डिप्रेस्ड क्लासेस’वर रूढीने लादलेली बंधने दूर करण्याची निकड व्यक्त करणारा ठराव संमत केला. या ठरावाने ही संज्ञा राष्ट्रीय राजकारणाच्या परिभाषेतही दाखल झाली.

व्याप्तीचा प्रश्न

या विशेषणाला निश्चित मर्यादा नव्हती. १९१६ मध्ये नागपूरचे सर माणेकजी दादाभाई यांनी केंद्रीय कायदेमंडळात या वर्गांच्या उन्नतीचा ठराव मांडला. त्या वेळी अस्पृश्य जाती, आदिवासी, भटक्या जमाती आणि कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमाती या सर्वांचा समावेश याच संज्ञेत होऊ शकत होता. दारिद्र्य, निरक्षरता आणि अस्पृश्यता ही परस्परांहून भिन्न कारणे एकाच विशेषणाखाली येत असल्याने त्या त्या कारणावरील उपायही अस्पष्ट राहत.

मुंबई सरकारने १९२८ मध्ये ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात या समितीने ‘मागासवर्ग’ ही व्यापक संज्ञा स्वीकारून तिचे तीन भाग केले : अस्पृश्य म्हणजे ‘डिप्रेस्ड क्लासेस’, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. अशा रीतीने मुंबई इलाख्यात या विशेषणाचा अर्थ अस्पृश्यतेपुरता मर्यादित करण्याचा प्रयत्न झाला.

व्याख्येचे राजकीय महत्त्व १९३२ च्या लोथियन मताधिकार समितीपुढे स्पष्ट झाले. संयुक्त प्रांतात १९३१ च्या जनगणनेनुसार या वर्गाची संख्या सुमारे १ कोटी २६ लाख होती. प्रांतिक मताधिकार समितीने मात्र ती सुमारे ६ लाखच धरली. माणसे तीच होती. एका विशेषणाची कक्षा संकुचित करताच सव्वा कोटींच्या समूहातील फारच थोडे लोक गणतीत उरले. संख्येवरून प्रतिनिधित्व ठरणार असल्याने हा वाद शब्दकोशातील अर्थापुरता राहिला नाही.

आक्षेप व पर्याय

डॉ. आंबेडकर यांनी संस्थात्मक कार्यात प्रारंभापासून ‘बहिष्कृत’ या शब्दाला प्राधान्य दिलेले दिसते. १९२४ ची ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ आणि १९२७ चे ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक ही त्याची उदाहरणे होत. ‘बहिष्कृत’ हेदेखील धातुसाधितच आहे. परंतु बहिष्कार ही समाजाने जाणीवपूर्वक केलेली कृती असल्याने कर्ता न सांगताही तो कोण, हे वाचकाला कळते.

दुसऱ्या गोलमेज परिषदेत नोव्हेंबर १९३१ मध्ये डॉ. आंबेडकर व रावबहादूर आर. श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या पुरवणी निवेदनात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ ही संज्ञा मानहानिकारक व तुच्छतादर्शक असल्याचे नमूद करून नव्या राज्यघटनेत ती बदलण्याची मागणी केली. ‘जातिबाह्य हिंदू’, ‘प्रोटेस्टंट हिंदू’ व ‘नॉन-कन्फर्मिस्ट हिंदू’ असे पर्याय त्यांनी सुचविले. शेवटचे दोन पर्याय इंग्लंडच्या धार्मिक इतिहासातून घेतलेले आहेत. त्यांत विशेष्य हे दाबले गेलेले कर्म नसून प्रस्थापित व्यवस्थेला नकार देणारा कर्ता आहे, ही बाब महत्त्वाची आहे.

१९३१ च्या जनगणनेत आयुक्त जे. एच. हटन यांनी ‘एक्स्टीरियर कास्ट्स’ म्हणजे ‘बाह्य जाती’ ही संज्ञा वापरली. लोथियन समितीला जोडलेल्या १ मे १९३२ च्या टिपणीत डॉ. आंबेडकर यांनी अधिक योग्य नाव मिळेपर्यंत तिचा पुरस्कार केला. तरीही सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हेच शब्द कायम राहिले. त्यानंतर महात्मा गांधींनी ‘हरिजन’ या शब्दाचा प्रसार केला. हा शब्द सरकारी कायद्यात घालण्यास स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत सभात्याग केला. ज्यांना नाव द्यावयाचे त्यांची संमती हवी, हा या विरोधाचा गाभा होता.

‘शेड्यूल्ड’ आणि ‘दलित’

१९३५ च्या कायद्याने पूर्वी ‘डिप्रेस्ड क्लासेस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वर्गांशी जुळणाऱ्या जातींची अनुसूची करण्याची तरतूद केली. ती अनुसूची १९३६ च्या आदेशाने लागू झाली. ‘शेड्यूल्ड’ हेही धातुसाधित विशेषण होय. मात्र त्यातील क्रिया शासनाची आहे : सूचीत नोंदविणे. त्यात तुच्छता नाही, त्याचप्रमाणे अन्यायाची स्मृतीही नाही. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या अखिल भारतीय डिप्रेस्ड क्लासेस परिषदेत ‘शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन’च्या स्थापनेचा निर्णय झाला. जुन्या विशेषणाच्या नावे भरलेल्या परिषदेने नव्या विशेषणाचा पक्ष जन्मास घातला.

१९३० च्या दशकात मराठी व हिंदीत ‘डिप्रेस्ड’ला ‘दलित’ हा प्रतिशब्द रूढ होत गेला. ‘दल्’ म्हणजे फोडणे, चिरडणे या धातूपासून तो बनला असल्याने इंग्रजीत क्षीण झालेली क्रिया मराठीत पुन्हा ठळक झाली. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने हा शब्द स्वाभिमानाने धारण केला. पुढे ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने माध्यमांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ ही घटनात्मक संज्ञा वापरण्याची सूचना केली. त्यामुळे हा जुना वाद नव्या स्वरूपात पुढे आला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. ‘डिप्रेस्ड’ या विशेषणात ‘दडपलेला’ व ‘खचलेला’ असे दोन अर्थ होते. व्यवहारात दुसरा अर्थ प्रबळ झाल्याने दडपणारी व्यवस्था दृष्टीआड झाली.

२. विशेषणाच्या संदिग्ध व्याप्तीचा परिणाम लोकसंख्येच्या गणनेवर आणि पर्यायाने प्रतिनिधित्वाच्या दाव्यावर झाला.

३. ‘निराश्रित’, ‘बहिष्कृत’ व ‘दलित’ हे मराठी शब्द एकाच समूहाचे निदर्शक असले, तरी पहिला करुणेची, दुसरा आरोपाची व तिसरा आघाताची भूमिका व्यक्त करतो.

४. ‘अनुसूचित’ ही संज्ञा हक्काच्या अंमलबजावणीसाठी आवश्यक, तर ‘दलित’ ही इतिहासाच्या जाणिवेसाठी. यांतील एकीने दुसरीचे कार्य होत नाही.