लपाछपी (चित्रपट)

लपाछपी : मराठी भयपट. दिग्दर्शक विशाल फुरिया. प्रदर्शन जुलै २०१७. प्रमुख भूमिका पूजा सावंत, उषा नाईक, विक्रम गायकवाड आणि अनिल गवस यांच्या.

कर्जात बुडालेला तुषार गरोदर बायकोला, नेहाला, घेऊन शहर सोडतो आणि ड्रायव्हर भाऊराव याच्या गावाकडच्या घरी आसरा घेतो. घर उसाच्या मधोमध. भाऊरावची बायको तुळसाबाई नेहाला मायेनं जपते आणि बंधनंही घालते. मग नेहाला लपाछपी खेळणारी मुलं दिसू लागतात, एका बाईची सावली वावरू लागते.

इथवरची मांडणी भयपटाच्या ओळखीच्या वाटेनं जाते : आडरानातलं घर, परकं जोडपं, शापाची गोष्ट. प्रेक्षक भुताची वाट पाहत राहतो आणि चित्रपट त्याच सवयीचा फायदा घेतो. भुतं इथे मारायला आलेली नसतात. मुलगी जन्मू न देणारी, जन्मलीच तर संपवणारी जिवंत माणसं हाच खरा धोका असतो. अंधाराचा आधारही फारसा घेतलेला नाही. भर उन्हात, दोन्ही बाजूंनी उभ्या पिकाच्या भिंती असलेल्या वाटेवर नेहा रस्ता चुकते. आडसाली ऊस दीड वर्ष शेतात उभा असतो आणि माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर जातो. कोल्हापुरातून कळंब्यावरून गारगोटीकडे जाणाऱ्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

कोल्हापूरच्या वाचकाला या कथेतलं वास्तवही परकं नाही. २००१च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८३९ मुली होत्या, २०११मध्ये ८६३. सुबत्तेच्या, सहकाराच्या, शाहू महाराजांच्या जिल्ह्याचे हे आकडे आहेत. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी, १९८८मध्ये केला होता. तरीही तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांना इथल्या सोनोग्राफी यंत्रांवर तपासण्यांची नोंद ठेवणारे ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ बसवावे लागले. याच विषयावर त्यांनी ‘सावित्रीच्या गर्भात मारलेल्या लेकी’ हा कथासंग्रहही लिहिला. ‘लपाछपी’ प्रदर्शित होण्याच्या चार महिने आधी, मार्च २०१७मध्ये, शेजारच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळ इथे ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. चित्रपट त्याआधीच तयार होता, त्यामुळे तो या घटनेवर बेतलेला नाही. पण पाहणाऱ्यांच्या मनातून ती घटना पुसली गेली नव्हती.

मराठी पडद्यावरचं भूत तोवर बहुधा हसवायला यायचं : ‘एक डाव भुताचा’ (१९८२), ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४). नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी पुस्तकांतून जपलेली गंभीर भयकथा चित्रपटात क्वचितच आली. ती परंपरा ‘लपाछपी’नं पडद्यावर आणली. शेवटाकडे पात्रं आपली बाजू फार समजावून सांगतात, तिथे पकड सैलावते. दाखवून झालेलं पुन्हा बोलून सांगण्याची गरज नव्हती. उषा नाईक यांचा अभिनय मात्र कुठेही सैल पडत नाही. त्यांची तुळसाबाई राक्षसीण वाटत नाही, ओळखीच्या घरातली कर्ती बाई वाटते, आणि म्हणूनच तिची धास्ती बसते.

फुरिया यांनीच या कथेवर हिंदीत ‘छोरी’ (२०२१) केला; त्यात नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ आहेत. त्याचा दुसरा भाग एप्रिल २०२५मध्ये आला. दोन्ही ओटीटीवर प्रदर्शित झाले. हिंदी आवृत्ती अधिक सफाईदार आहे. भय मात्र मूळ मराठी चित्रपटातच अधिक आहे, आणि तोच आधी पाहावा.