‘देव मानता का?’ : एका साध्या प्रश्नाचा सातारा-सांगलीतला इतिहास

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या बऱ्याच जणांना एक विषय खुणावतो : लोक देव का मानतात, किंवा का मानत नाहीत? विषय ओळखीचा आहे, बोलायला माणसं घरातच सापडतात आणि प्रश्नावली बनवणं सोपं वाटतं. पण प्रपोजल घेऊन गाईडसमोर बसलात की पहिलाच प्रश्न येतो, "नक्की काय मोजणार?" आज त्याबद्दलच बोलू. उदाहरण म्हणून सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे घेऊ, कारण या प्रश्नावर इथे दीडशे वर्षं वाद झाला आहे आणि तोही फक्त पुस्तकांतून नाही, तर लग्नाच्या मांडवात, कोर्टात आणि रस्त्यावर.

आकडा काय सांगतो?

आधी उपलब्ध आकडा बघू. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेनं नोव्हेंबर 2019 ते मार्च 2020 या काळात भारतात सुमारे 30,000 प्रौढांना प्रत्यक्ष भेटून सर्व्हे केला. त्यात 97 टक्के लोकांनी देव मानतो असं सांगितलं. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना असा आकडा दिसला की बरं वाटतं. प्रश्न सुटला, 97 विरुद्ध 3.

पण त्याच सर्व्हेत आणखी एक गोष्ट आहे. बौद्धांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनी देव मानत नाही असं उत्तर दिलं. भारतातले बहुसंख्य बौद्ध महाराष्ट्रात राहतात. म्हणजे सरासरीच्या पोटात एक मोठा इतिहास दडलाय, आणि तो 97 या आकड्यावरून कळत नाही.

जनगणनेचंही तसंच. 2011 च्या जनगणनेत सुमारे 28.7 लाख लोकांचा धर्म ‘सांगितला नाही’ या रकान्यात आहे. सांगली जिल्ह्याची त्या वर्षीची लोकसंख्या साधारण 28.2 लाख होती, म्हणजे जवळपास एक अख्खा जिल्हा. पण या लोकांना नास्तिक समजू नका. जनगणना धर्म विचारते, श्रद्धा विचारत नाही. धर्म न सांगणारा भाविक असू शकतो आणि धर्म सांगणारा पक्का नास्तिक.

आधी नकाशा नीट लावून घ्या

जुन्या कागदपत्रांकडे जाण्याआधी एक व्यवहारातली सूचना. आजचा सांगली जिल्हा जुन्या दप्तरात शोधलात तर सापडणार नाही. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं होती. 1949 साली दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे 1920 सालच्या कागदात ‘सातारा’ असं दिसलं तर ते गाव आज कुठल्या जिल्ह्यात आहे, हे आधी तपासा.

देव आहे, पण मध्ये दलाल नको

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करू. त्यांचा जन्म पुण्याचा, पण घराण्याचं मूळ गाव कटगुण, साताऱ्याच्या खटाव तालुक्यातलं. 24 सप्टेंबर 1873 रोजी त्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला. बरेच विद्यार्थी फुल्यांना सरसकट नास्तिकांच्या यादीत टाकतात. तसं करू नका. फुले ‘निर्मिक’ मानत होते. त्यांचा युक्तिवाद साधारण असा : सगळ्यांना घडवणारा एकच असेल, तर त्याची लेकरं लहानमोठी कशी? आणि त्याच्यापर्यंत पोचायला मध्ये कुणी कशाला लागतो? म्हणजे फुल्यांच्या समतेच्या विचाराला देव आड येत नाही. उलट तो विचार निर्मिकाच्या आधारानंच उभा राहतो.

हा विचार सातारा भागातल्या खेड्यांत पोचला तेव्हा त्याला फार ठोस रूप आलं. गावच्या जोशाकडे वतन असायचं. लग्न दुसऱ्या कुणी लावलं तरी वतनदार जोशी आपली दक्षिणा मागू शकायचा, आणि दिली नाही तर दावा लावू शकायचा. सत्यशोधकांनी भटजीशिवाय लग्नं लावायला सुरुवात केली आणि प्रकरणं कोर्टात गेली. पुढे 1926 साली मुंबई इलाख्यात कायदा होऊन अशी सक्तीची दक्षिणा बंद झाली.

इथे जरा थांबू. भटजी न बोलावणारा हा शेतकरी देव मानत होता की नव्हता? बहुतेक वेळा मानतच होता. लग्न देवाच्या साक्षीनंच लागत होतं, फक्त मधला माणूस काढून टाकला होता. प्रश्नावलीत ‘मानता का? हो / नाही’ एवढंच विचारलं असतं, तर हा शेतकरी आणि त्याच्यावर दावा लावणारा जोशी दोघंही ‘हो’ म्हणाले असते. इतकं मोठं भांडण तुमच्या डेटात आलंच नसतं.

या काळाचं संशोधन कसं करावं हे बघायचं असेल तर गेल ऑम्वेट यांचं काम वाचा. पश्चिम भारतातली ब्राह्मणेतर चळवळ हा त्यांच्या पीएचडीचा विषय. प्रबंध बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, 1973 सालचा. पुढे त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावलाच स्थायिक झाल्या. सत्यशोधक जलसे आणि 1920 च्या आसपासचा सातारा भागातला कुळांचा असंतोष त्यांनी एकत्र ठेवून वाचला. देवाधर्माचा प्रश्न जमिनीच्या आणि पैशाच्या प्रश्नापासून तोडता येत नाही, हे त्या कामातून नीट कळतं.

कळत नाही, असं म्हणणारा

आता दुसरी वाट. गोपाळ गणेश आगरकर 1856 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावात जन्मले. 1888 मध्ये त्यांनी ‘सुधारक’ सुरू केलं आणि 1895 साली, वयाची चाळिशीही न गाठता, गेले. आगरकर अज्ञेयवादी. या अर्थाचा इंग्रजी शब्द थॉमस हक्सलीनं 1869 साली घडवला, तेव्हा आगरकर तेरा वर्षांचे होते. मिल आणि स्पेन्सर वाचून घडलेली ही पिढी.

फुल्यांचा प्रश्न न्यायाचा होता, आगरकरांचा पुराव्याचा. विश्वाच्या मुळाशी काय आहे हे आपल्याला कळलेलं नाही, मग कळल्यासारखं वागू नये, ही त्यांची भूमिका. दुसरी गोष्ट, देवाची कल्पना माणसाच्या मनात कशी आली असेल याचा त्यांनी इतिहासासारखा शोध घेतला : भीती, मृत्यू, निसर्गापुढची असहायता. ‘देव आहे का?’ हा एक प्रश्न झाला आणि ‘माणसं देव का मानतात?’ हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणजे पहिल्याचा निकाल लागला असं होत नाही. या दोहोंची गल्लत पीएचडीच्या प्रपोजलांत सर्रास दिसते.

देवाची गरज आहे का?

तिसरी वाट साताऱ्याच्या एका शाळेच्या दारातून जाते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी छोट्या भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. तीच आजची प्रतापसिंह हायस्कूल. वडील रामजी कबीरपंथी, घरात भजन आणि पाठांतर. आई भीमाबाई साताऱ्यातच वारल्या. अशा भक्तीच्या घरातून आलेल्या डॉ. आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यातल्या पहिल्याच काही प्रतिज्ञा देवदेवता न मानण्याच्या आहेत.

इथे कारण पुन्हा वेगळं आहे. धम्माचा पाया नीती आहे, माणसानं माणसाशी कसं वागावं हा त्याचा विषय आहे, आणि त्यासाठी देवाची गरज पडत नाही, अशी ही मांडणी. प्यूच्या सर्व्हेत दिसणारे ते एक तृतीयांश या इतिहासातून आलेत. आणि उरलेले दोन तृतीयांश? त्यांच्यावर कुणीतरी चांगलं संशोधन करायला हवं.

‘देव’ म्हणजे कोण?

सांगलीकडे गेलात की प्रश्नातला ‘देव’ हा शब्दच निसटायला लागतो. या भागात शेती करणारा जैन समाज मोठ्या संख्येनं आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांचं घराणं असंच, वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. जैन तत्त्वज्ञानात जग निर्माण करणारा ईश्वर नाही. तरी बस्तीत तीर्थंकरांची पूजा रोज होते. अशा घरात ‘देव मानता का?’ विचारलंत तर उत्तर बहुधा ‘हो’ येईल, पण फुल्यांच्या निर्मिकाशी त्या ‘हो’चा संबंध नाही.

मिरजेला ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात हिंदू आणि मुसलमान दोघंही जातात. उरुसात चर्मकार समाजाच्या गलेफाला मान आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर तिथेच आहे, आणि त्यांच्या आठवणीत गवई हजेरी लावतात. यातल्या कोण भाविक, कोण रूढी पाळणारा, कोण नुसता गाणं ऐकायला आलेला? धर्माचे रकाने पाडून तुम्हाला हे कळणार नाही.

मानणाऱ्यांची कारणं कुठे मिळतात?

आता एक अडचण लक्षात घ्या. न मानणाऱ्यांनी आपली कारणं लिहून ठेवली : लेख, भाषणं, प्रतिज्ञा. मानणाऱ्याला कारण लिहायची गरजच पडली नाही. त्यामुळे फक्त छापील साधनं घेतलीत, तर अश्रद्धा विचारपूर्वक आणि श्रद्धा विचाराविना, असं चित्र आपोआप तयार होतं. हा दोष साधनांचा आहे, माणसांचा नाही.

मग शोधायचं कुठे? एक जागा म्हणजे जात्यावरच्या ओव्या. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. त्यांत विठ्ठल भाऊ होतो, बाप होतो, माहेर होतो. त्या बाईसाठी देव आहे की नाही हा वादाचा मुद्दाच नाही. सासरी ज्याच्याशी बोलता येतं असा तो कुणीतरी आहे. दुसरी जागा वारी. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटणवरून जाते. चांदोबाच्या लिंबाला रिंगण बघायला उभ्या असलेल्या माणसाला कारण विचारा. ‘आजा जायचा, बाप जायचा, म्हणून मी’ हे उत्तर आलं तर ते कमी दर्जाचं समजू नका. सोबत आणि परंपरा हीही कारणंच आहेत.

तिसरी जागा नवसाची. वाई तालुक्यात मांढरदेवच्या काळूबाईच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरी आणि आग होऊन सुमारे 300 भाविक गेले. सरकारनं चौकशी आयोग नेमला. यात्रा मात्र थांबली नाही. ‘देवीच्या दारात असं झालं, तरी श्रद्धा का टिकली?’ हा प्रश्न तुच्छतेनं विचारलात तर कुणी बोलणार नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांच्याकडे ऐकायच्या तयारीनं जावं लागेल.

लागू आणि दाभोलकर

शेवटचे दोघं साताऱ्यात जन्मलेले आणि दोघंही डॉक्टर. श्रीराम लागू 1927 चे, नरेंद्र दाभोलकर 1945 चे. दाभोलकरांचं शिक्षण पुढे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात आणि मिरजेच्या मेडिकल कॉलेजात झालं. 1989 मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली.

विवेकजागराच्या कार्यक्रमांत दोघं एकाच व्यासपीठावर बसायचे आणि त्यांचं एकमत नसायचं. लागूंचं म्हणणं, देव ही कल्पना आता कालबाह्य झाली, तिला निवृत्त करा. दाभोलकरांचं म्हणणं, समितीचा विरोध देवाला किंवा धर्माला नाही. देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे. म्हणजे पुन्हा तोच जुना, मधल्या माणसाचा प्रश्न.

हा फरक किती महत्त्वाचा, ते पुढे दिसलं. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर वर्षानुवर्षं झटत होते. कायदा देवाच्या विरोधात आहे असा प्रचार होत राहिला. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. चारच दिवसांनी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा मंजूर झाला. तो काढून वाचा. नरबळी, अघोरी प्रथा, फसवणूक यांना बंदी आहे. प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, भजन यांना कायदा लागू नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. खटल्याचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला. दोघांना जन्मठेप झाली, तिघं निर्दोष सुटले.

तुमच्या प्रपोजलसाठी

एवढ्या इतिहासातून हाती काय लागतं? ‘देव मानता का?’ या एका वाक्यात निदान तीन प्रश्न आहेत. देव आहे का? तो माझ्यासाठी काही करतो का? त्याच्या आणि माझ्यामध्ये कोण उभं आहे? आगरकर आणि लागू पहिल्यावर बोलत होते. नवस करणारा दुसऱ्यावर. फुले, सत्यशोधक आणि दाभोलकर मुख्यतः तिसऱ्यावर, आणि या दोन जिल्ह्यांत सगळ्यात जास्त खळबळ तिसऱ्यानंच केली. आंबेडकरांनी तर पहिला प्रश्न बाजूला ठेवून नीतीचा प्रश्न पुढे आणला. तीनही प्रश्न एकाच रकान्यात कोंबलेत की 97 सारखा आकडा मिळतो, पण त्यातून ‘का’ कळत नाही.

पेटची किंवा मुलाखतीची तयारी करत असाल तर एक काम करून बघा. आपल्याच गावातलं एक देऊळ, दर्गा, बस्ती किंवा विहार घ्या. या तीन प्रश्नांपैकी प्रत्येकासाठी एकेक कागद शोधा : ट्रस्टचा हिशेब, कोर्टाचा जुना निकाल, यात्रेचं हँडबिल, आजीची ओवी, काहीही चालेल. कुठल्या प्रश्नाला कागद मिळत नाही ते वहीत नोंदवा. तिथे तुम्हाला कागद सोडून माणसांकडे जावं लागेल, आणि तुमच्या संशोधनाची जागा बहुधा तिथेच असेल.