मनोऱ्यापासून परवलीच्या शब्दापर्यंत

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. परंतु त्याच्या ग्रंथालयाला स्वतंत्र वास्तू लाभली ती प्रेमचंद रायचंद यांच्या दातृत्वामुळे. १८६४ साली त्यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि पाठोपाठ मनोऱ्यासाठी तेवढीच रक्कम. मनोऱ्याला त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव मिळाले. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्याबरहुकूम ही वास्तू १८७८ साली पूर्ण झाली. ग्रंथालय म्हणजे एक जागा आणि अभ्यास म्हणजे तेथवर जाणे, ही समजूत या दगडी वास्तूने दृढ केली.

मीरा-भाईंदरमध्ये अध्यापन करणाऱ्या आम्हांला या समजुतीची किंमत ठाऊक आहे. १९८५ साली येथे नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. वस्ती वाढली, विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयेही निघाली. पण एखादा संदर्भ मुळातून पाहायचा, तर चर्चगेट किंवा कलिना गाठणे आले. लोकलच्या गर्दीत एक दिवस मोडल्याशिवाय ते होत नसे.

हे अंतर मिटवण्याची तयारी दुसरीकडे चालली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९१ साली ‘इन्फ्लिबनेट’ हा उपक्रम सुरू केला. १९९६ साली त्याला स्वायत्त केंद्राचे रूप आले. २००४ पासून विद्यापीठांना इलेक्ट्रॉनिक नियतकालिके मिळू लागली. तेथे आवारातील संगणकाचा पत्ता ओळखूनच दार उघडे. २०१० साली ‘एन-लिस्ट’ आली आणि महाविद्यालयांतील वाचकाला स्वतःचे नाव व परवलीचा शब्द मिळाला. केंब्रिजसारख्या प्रकाशनसंस्थांची पुस्तके भाईंदरच्या घरात, रात्री अकरा वाजता, उघडता येऊ लागली. मनोरा जणू वाचकाकडे चालत आला.

पण तो मराठी बोलत नव्हता. या सामायिक फडताळावर प्रामुख्याने इंग्रजी ग्रंथ होते. आमच्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला पाश्चात्त्य साहित्यसिद्धांत सापडे. केशवसुतांवरील मराठी समीक्षेसाठी मात्र गाडीच पकडावी लागे. जुनी मराठी पुस्तके वेगळ्याच वाटेने आली. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पात त्यांची पाने प्रतिमारूपात साठवली गेली, आणि त्यांतील पुष्कळशी पुढे ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर पोहोचली. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने शब्द शोधता येईल अशा स्वरूपात खुली केली. परंतु केवळ प्रतिमा असलेल्या पानात शब्द शोधता येत नाही; पान वाचावेच लागते.

त्याहून मोठी अडचण कायद्याची. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून मुक्त झाले. नरहर कुरुंदकर १९८२ साली गेले. त्यांच्या लेखनावरील हक्क २०४२ च्या अखेरीपर्यंत राहील. म्हणजे एकोणिसावे शतक पडद्यावर सहज दिसते, आणि ज्या समीक्षेवर आमचा अभ्यासक्रम उभा आहे ते विसावे शतक दिसत नाही. हा हक्क लेखकाच्या कुटुंबाचा आहे. त्यावर आमचा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो हक्क राखून ग्रंथ वाचनार्थ देण्याची व्यवस्था मराठीपुरती न उभारण्याला. इंग्रजी प्रकाशकांशी सामुदायिक करार होऊ शकतो, तर मराठी प्रकाशकांशी का होऊ नये?

वर्गणीची कल्पना आपल्याला परकी नाही. आमच्याच जिल्ह्यात १८९३ साली ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. अशा संस्था सभासदांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर वाढल्या. फरक इतकाच की त्या वर्गणीतून विकत घेतलेला ग्रंथ कपाटात राहिला. आजच्या वर्गणीतून बहुधा केवळ पाहण्याची मुभा मिळते. विद्यार्थी उत्तीर्ण होऊन बाहेर पडला की त्याचा परवलीचा शब्द निकामी होतो. नेमका तेव्हा, जेव्हा त्याला परीक्षेसाठी नव्हे तर स्वतःसाठी वाचावेसे वाटू लागलेले असते.

राजाबाई मनोऱ्याचे दार दूर होते. पण त्याआड मराठी ग्रंथ होते आणि ते राहणार होते. जवळ आलेल्या या नव्या दाराआडही ते असावेत, एवढीच आमची मागणी आहे.