ऋणकोचा धनको

महायुद्ध संपले म्हणजे तोफा थंडावतात आणि हिशेबाच्या वह्या उघडतात. 1939 पर्यंत हिंदुस्थान इंग्लंडचा ऋणको होता; 1945 साली तोच धनको होऊन बसला. हे स्थित्यंतर समजण्यास लंडन गाठण्याचे कारण नाही. गिरणाकाठच्या भडगावसारखे बाजाराचे गाव पुरे आहे.

युद्धारंभी झालेल्या करारान्वये हिंदुस्थानाबाहेरील लढाईचा बहुतेक खर्च ब्रिटनने सोसावयाचा होता. येथील धान्य, कापड, चामडे सरकार रुपयांनी खरेदी करी. ब्रिटन त्याचे पौंड लंडनमध्ये जमा करी. आणि त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक नोटा काढी. 1939 मधील सुमारे 180 कोटींच्या नोटा युद्धाअखेर हजार कोटींच्या वर गेल्या. माल गेला, कागद उरला. शेतकऱ्याच्या गाठीस नोटा आल्या, पण धोतरजोडीसाठी खेटे घालण्याची पाळी आली. बंगाल्यात तर 1943 साली लाखो माणसे अन्नावाचून मेली. लंडनमधील पुंजी ही अशी सक्तीची बचत होती. बचत करणाऱ्यास कोणी विचारलेही नव्हते.

लढाई चालू असताच, जुलै 1944 मध्ये, अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 राष्ट्रांचे प्रतिनिधी जगाच्या चलनव्यवहाराची नवी घडी बसविण्यास जमले. हिंदी शिष्टमंडळाचे नेतृत्व सर जेरेमी रेझमन या इंग्रज अर्थमंत्र्याकडे होते. परंतु त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ हेही होते. लंडनमधील रकमेचा काही भाग तरी नव्या नाणेनिधीमार्फत डॉलरांत बदलून मिळावा, अशी हिंदी मागणी होती. डॉलर नाहीत तर यंत्रे नाहीत, हे त्यामागील साधे गणित. हा ऋणको-धनकोंनी आपसांत मिटविण्याचा प्रश्न आहे, असे लॉर्ड केन्स यांनी सांगितले, आणि मागणी बारगळली. हिंदुस्थानचा वाटा मात्र 40 कोटी डॉलर ठरला. पुढे रशिया निधीत आला नाही. त्यामुळे पहिल्या पाचांत गणना होऊन हिंदुस्थानास संचालक नेमण्याचा अधिकार लाभला. परतंत्र देशास पाट मिळाला. ताट अडकून राहिले.

1946 साली ही रक्कम सुमारे 1,700 कोटी रुपये होती. ती कमी करावी, असा सूर ब्रिटनमध्ये निघाला. तसे झाले नाही. 1947 च्या ऑगस्टातील करारापासून ती हप्त्याहप्त्याने सुटू लागली. मग सप्टेंबर 1949 मध्ये पौंडाचा भाव 4.03 डॉलरांवरून 2.80 वर उतरविण्यात आला. लंडनच्या वहीतील आकडा त्यामुळे बदलला नाही. त्यावर अमेरिकेतून मिळणारी यंत्रे मात्र जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने घटली.