उद्देशपत्राची कुळकथा

आमगावाजवळचे पदमपूर आज एक लहानसे खेडे आहे. भाताची शेते, काही भग्न शिल्पे आणि जुन्या वस्तीच्या खुणा एवढेच त्याचे बाह्य वैभव उरले आहे. परंतु दुर्ग येथे सापडलेल्या वाकाटकांच्या अपूर्ण ताम्रपटात ज्याचा उल्लेख येतो ते पद्मपूर, आणि ‘महावीरचरिता’च्या प्रस्तावनेत संस्कृत नाटककार भवभूतीने आपल्या पूर्वजांचे निवासस्थान म्हणून सांगितलेले दक्षिणापथातील पद्मपूर, ही दोन्ही म्हणजे हेच गाव होय, असे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी साधार प्रतिपादन केले, आणि आमगावच्या महाविद्यालयाला भवभूतीचे नाव लाभले आहे त्यामागेही हाच अभिमान आहे. मला मात्र या कवीचे आणि गोंदिया जिल्ह्याचे नाते आणखी एका कारणाने मोलाचे वाटते. परदेशांतील नामांकित विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी अर्ज करताना विद्यार्थ्याला ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ या नावाचे जे एकदोन पानांचे निवेदन लिहून द्यावे लागते, आणि ज्याला मी येथे उद्देशपत्र म्हणणार आहे, त्याचा मला ठाऊक असलेला अत्यंत निर्मळ असा पूर्वज भवभूतीच्याच ‘उत्तररामचरिता’त आहे.

दुसऱ्या अंकाच्या आरंभी जनस्थानातील वनदेवता वासंती हिला आत्रेयी नावाची एक तापसी भेटते. प्रवासाच्या वेषात एकटीच चाललेल्या या स्त्रीचे यथोचित स्वागत करून वनदेवता तिला विचारते की, आपण कोठून आलात आणि या दंडकारण्यात फिरण्याचे आपले प्रयोजन काय? आत्रेयी सांगते की, या प्रदेशात अगस्त्यप्रभृती ब्रह्मवेत्ते राहतात, त्यांच्याकडून वेदान्तविद्या शिकावी म्हणून मी वाल्मीकींच्या आश्रमातून येथे आले आहे. वनदेवता तेवढ्यावर थांबत नाही. इतर मुनी अध्ययनासाठी वाल्मीकींकडे जात असताना आपण त्यांना सोडून एवढा दीर्घ प्रवास का पत्करलात, असे ती विचारते. आणि आत्रेयी उत्तर देते की, तेथे अध्ययनाला मोठे विघ्न उपस्थित झाले आहे. वाल्मीकींपाशी वाढलेली कुश आणि लव ही दोन मुले इतक्या तीव्र बुद्धीची आणि स्मरणाची आहेत की त्यांच्याबरोबर एकत्र अध्ययन करणे आमच्यासारख्यांना शक्य होत नाही. शिवाय क्रौंचवधाच्या प्रसंगानंतर स्वतः ऋषी रामायणाच्या रचनेत गढून गेले आहेत. एवढे सांगून झाल्यावर ती अगस्त्याश्रमाचा मार्ग विचारते आणि वनदेवता तिला पंचवटीतून गोदावरीच्या तीराने जावयास सांगते.

कोठून आलात, कोणाकडे आणि काय शिकावयाचे आहे, आणि असलेले स्थान का सोडता, या तीन प्रश्नांपलीकडे आजच्या कोणत्याही विद्यापीठाची प्रवेशसमिती उद्देशपत्रात फारसे काही शोधीत नाही. पण त्याहून लक्षणीय आहे तो आत्रेयीच्या उत्तराचा स्वभाव. तिने आपल्या बुद्धीची प्रौढी सांगितली नाही, तशी दीनवाणी याचनाही केली नाही. आपण मागे पडलो हे तिने जसेच्या तसे सांगितले, आणि मागे पडल्यावरही शिकण्याची आकांक्षा सुटली नाही हे तिच्या पायपिटीनेच सिद्ध झाले. विघ्नाचा उच्चार हा तिच्या निवेदनाचा कणा आहे. तो काढून टाकला तर उरतो तो केवळ पत्ता विचारणारा वाटसरू.

याच कवीच्या ‘मालतीमाधवा’त विद्येसाठी परदेशी गेलेला दुसरा विद्यार्थी आहे. विदर्भाच्या अमात्याचा पुत्र माधव हा कुंडिनपुराहून पद्मावतीला आन्वीक्षिकी म्हणजे तर्कविद्या शिकण्यासाठी येतो. त्याला कोणी प्रयोजन विचारीत नाही, कारण तेथील अमात्य आणि वृद्ध परिव्राजिका कामंदकी ही दोघेही त्याच्या पित्याची सहाध्यायी आहेत. ज्याची ओळख अगोदर पोहोचली आहे त्याला निवेदन करावे लागत नाही. उद्देशपत्राचा वंश आत्रेयीकडून चालत आला आहे, माधवाकडून नव्हे, ही गोष्ट ज्यांच्या घरी यापूर्वी कोणी पदवीधर झालेला नाही अशा मुलामुलींनी विशेष ध्यानात ठेवावी.

नालंदेच्या महाविहारात या प्रश्नोत्तरांना कठोर परीक्षेचे रूप आले. सातव्या शतकात तेथे राहून अध्ययन केलेल्या चिनी यात्रेकरू युआन च्वांगने लिहून ठेवले आहे की, बाहेरून आलेल्या जिज्ञासूंना द्वारपालच दुर्घट प्रश्न विचारीत आणि दहांपैकी सात-आठ जण निरुत्तर होऊन परत जात. विक्रमशिलेच्या द्वारपंडितांची कीर्तीही अशीच आहे. तेथे प्रश्न विद्येचा होता, प्रयोजनाचा नव्हता. परंतु दारावर उभ्या असलेल्या विद्वानाने अनोळखी माणसाचे बोलणे ऐकून निर्णय द्यावा, ही प्रथा या वंशातलीच.

मधल्या काळात आपल्याकडे लेखनाची जी परंपरा रुजली ती मात्र वेगळ्या कुळातली. दप्तरखान्यांतून जी पत्रे निघत त्यांत कनिष्ठाने वरिष्ठाला लिहावयाचे ते ‘सेवेसी विज्ञापना’ म्हणून, आणि त्यात आपले लहानपण व धन्याचे थोरपण यांची मांडणी प्रथम, मजकूर मागाहून. इनाम चालू राहावे, सारा माफ व्हावा, वतनाची सनद मिळावी, यासाठी जे अर्ज झाले त्यांचा सूर कृपाप्रार्थनेचा असणे स्वाभाविक होते, आणि तोच सूर शाळेतल्या सविनय विनंती अर्जात उतरून आजपर्यंत आला. ‘आपला आज्ञाधारक’ अशी सही करावयास आपण प्रत्येक मुलाला शिकविले. तुला हे कशासाठी हवे, असे मात्र त्याला क्वचितच विचारले.

विद्यापीठांनीही ते विचारले नाही. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर प्राधान्याने परीक्षा घेणारी होती. उमेदवाराने फी भरावी, दाखला जोडावा आणि परीक्षेला बसावे, यापलीकडे त्यांना त्याच्याशी कर्तव्य नव्हते. त्या काळी भंडारा जिल्ह्यात मोडणाऱ्या आजच्या गोंदियाच्या मुलाला महाविद्यालयासाठी नागपूर गाठावे लागे, आणि नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्ता व पुढे अलाहाबाद विद्यापीठाला जोडलेली असत. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा कोठे परीक्षक जवळ आला. १९५८ साली मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था उभी केली आणि उच्च शिक्षण या भागाच्या दाराशी आले. हे उपकार मोठे आहेत. पण या सर्व काळात प्रवेशाचा अर्ज म्हणजे गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि पावती एवढेच राहिले. प्रयोजनाचे पान त्यात नव्हते.

ते पान मराठी माणसाने पुन्हा लिहिले ते समुद्रापलीकडे जाताना, आणि लिहिणारी पुन्हा एक स्त्रीच होती. फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाई जोशी यांनी जे भाषण केले त्याची रचना लोकांनी त्यांना विचारलेल्या प्रश्नांवर आधारलेली होती: अमेरिकेला का जाता, हिंदुस्थानात शिकण्याची सोय नाही काय, एकट्याच का जाता, परत आल्यावर जात वाळीत टाकणार नाही काय, संकट आले तर काय कराल, आणि आजवर आपल्यातल्या कोणत्याही स्त्रीने जे केले नाही ते तुम्ही का करावे? जनस्थानातल्या वनदेवतेचे प्रश्न येथे कुतूहलाऐवजी संशयाने विचारलेले दिसतात, पण आहेत ते तेच. त्याच वर्षीच्या जूनमध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावाहून त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांसाठी असलेल्या वैद्यकीय महाविद्यालयाला प्रवेशासाठी पत्र लिहिले. त्यात त्यांनी आपले शिक्षण सांगितले, येणाऱ्या भाषा सांगितल्या. परंतु पत्राचा भार त्यांनी टाकला तो दुसऱ्याच गोष्टीवर. मित्रमंडळी आणि ज्ञाती यांचा एकवटलेला विरोध मोडून मला ज्या निश्चयाने तुमच्या देशात आणले तोच निश्चय अभ्यासक्रम पुरा करावयासही उपयोगी पडावा, आणि पुरुष वैद्याच्या हातून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या माझ्या देशभगिनींना साह्य करणे हेच माझे येण्याचे कारण आहे, असा त्यांचा आशय होता. तयारी अपुरी असेल, हे त्यांनी दडविले नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले, ही दुःखद हकिकत सर्वांना माहीत आहे. त्या पत्राचे वाङ्मयीन मोल मात्र पुरेसे ओळखले गेलेले नाही. मराठी विद्यार्थ्यांच्या हाती नमुना म्हणून काही द्यावयाचेच असेल तर ते पत्र द्यावे.

यानंतर अर्जाबरोबर करारनामा आला. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर यांनी बडोदे सरकारशी केलेल्या करारानुसार त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याची हमी त्यांना द्यावी लागली. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली ते एम.ए. झाले. १९१६ साली लंडनला जाताना कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांचे शिफारसपत्र त्यांच्यापाशी होते. जन्माने ज्याला कोणतीही ओळख मिळाली नव्हती त्याने ती अशी विद्येने मिळविली. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पण १९२० साली, शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांचे साह्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. १९५४ साली भंडारा मतदारसंघातून त्यांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढविली आणि तीत त्यांचा पराभव झाला, हे आज गोंदियात राहणाऱ्या आपण विसरू नये. त्याच सुमारास अनुसूचित जातिजमातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी पाठविण्याची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि पुढे महाराष्ट्र सरकारने राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींसाठी तशीच योजना काढली. आज सालेकसा किंवा देवरीच्या मुलीला पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाकडे जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, विद्यापीठाचे प्रवेशपत्र आणि जामीनदारांची हमीपत्रे पाठवावी लागतात. त्या पुडक्यात बडोद्याच्या करारनाम्याचा अंश स्पष्ट दिसतो.

तहसील कार्यालयाचे कागद कष्टाने का होईना, गोळा होतात. खरी अडचण येते ती उद्देशपत्राच्या पानावर. विज्ञापनेच्या वळणात वाढलेला विद्यार्थी तेथे एकतर कृपा मागू लागतो, नाहीतर कोणाचे तरी तयार पत्र मिळवून त्यातील विशेषणे आपल्या नावापुढे लावतो. आणि बापाच्या मजुरीच्या दिवसांत रोवणीला गेल्यामुळे बुडालेले सत्र, प्रयोगशाळेत कधीच न पाहिलेले उपकरण, मराठी माध्यमामुळे पदवीच्या पहिल्या वर्षी घसरलेले गुण, हे सारे लाजेने गाळून टाकतो. यात मला मोठे नुकसान दिसते. विघ्न सांगणे म्हणजे दया मागणे नव्हे. आपण कोणत्या जागेवरून कोठवर आलो याचे ते मोजमाप आहे, आणि ते दिल्याखेरीज दूरच्या प्राध्यापकाला ६२ टक्क्यांचा अर्थ कळणार कसा? आमच्या महाविद्यालयांतील अध्यापकांनी हे पान विद्यार्थ्याकडून दोनदा, चारदा लिहवून घ्यावे, आणि त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिताना ‘होतकरू व सुस्वभावी’ या साच्यातल्या शब्दांऐवजी त्याला वर्गात पडलेला एखादा प्रश्न नमूद करावा.

प्रयोजनांचा तर येथे तुटवडा नाही. कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बांधलेले आणि मालगुजारी संपल्यावर सरकारकडे गेलेले या जिल्ह्यातील तलाव हा जलशास्त्राचा विषय आहे, तसाच कायद्याचाही. भातशेतीत घरटी करणारा सारस पक्षी महाराष्ट्रात मुख्यतः येथेच उरला आहे, आणि त्याच्या अंड्यांची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा परिस्थितिविज्ञान शिकू इच्छीत असेल तर त्याच्या निवेदनाचे पहिले वाक्य शोधावयास त्याला बाहेर जावे लागणार नाही. सालेकशाजवळच्या कचारगडच्या यात्रेला जमणाऱ्या गोंड बांधवांची भाषा भाषाशास्त्रज्ञाची वाट पाहते आहे. आणि पूर्व विदर्भात घराघरांत वेदना देणारा सिकलसेल हा आजार, ज्याच्या तपासणीसाठी गावोगाव रक्ताचे नमुने घेतले जातात, तो एखाद्या जीवशास्त्राच्या पदवीधर मुलीने आपल्या भावाच्या सांधेदुखीतून ओळखला असेल, तर तिने अर्जात प्रथम तेच लिहावे, मग ज्या प्राध्यापकाकडे शिकावयाचे त्याचे नाव आणि काम लिहावे, आणि गुणपत्रिका त्यानंतर जोडावी.