शंभर मण्यांची माळ

बौद्ध जपमाळेत १०८ मणी असतात. नैनसिंह रावत यांच्या माळेत १०० होते. दर शंभर पावलांमागे एक मणी सरके. ब्रिटिशांना तिबेटची दारे बंद होती, म्हणून १८६३ पासून डेहराडूनला कॅप्टन माँटगोमेरी यांनी त्यांना समान पावले टाकण्याचे आणि यात्रेकरूच्या वेषात नोंदी दडवण्याचे शिक्षण दिले. कागद प्रार्थनाचक्रात, पारा कवड्यांत. जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोहोचले. ओळख फुटणे म्हणजे जिवाशी गाठ, म्हणून अहवालातही ते केवळ ‘पंडित’. मात्र १८६८ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात माँटगोमेरींनीच माळेचे आणि चक्राचे गुपित छापले. नाव तेवढे झाकले. विद्वत्तेची ही कसली हौस! दहा वर्षांनी नैनसिंहांचे चुलतभाऊ किशनसिंह पावले मोजत तिबेटकडे निघाले.