हसतमुख उमेदवारी

जुन्या मराठीत 'उमेदवार' या शब्दाला निवडणुकीचा वास नव्हता. कचेरीत बिनपगारी किंवा अल्प पगारावर राबणारा, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तरुण म्हणजे उमेदवार. शब्द मूळचा फारसी, आणि त्याच्या पोटात 'उमेद' आहे. अमेरिकेतील इंटर्नशिपचा इतिहास चाळताना हा मागे पडलेला अर्थ आम्हांला वारंवार आठवतो. त्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण कोणत्या कारखान्यात वा रुग्णालयात घडलेले नाही; ते फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या करमणूकनगरीत घडले आहे.

तिचे मूळ शोधायचे तर 1955 पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी 17 जुलैला कॅलिफोर्नियात अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले. तेथील नोकरवर्गाला तयार करण्याचे काम व्हॅन फ्रान्स या गृहस्थांकडे होते. कारखान्यांत कामगारांना शिकवण्याचा त्यांना अनुभव होता. परंतु येथे यंत्र चालवण्याच्या जोडीला चेहरा सांभाळायलाही शिकवायचे होते. त्यासाठी उद्यानाची सारी भाषाच रंगभूमीवरून उचलण्यात आली. नोकर हा नटसंचातील सदस्य, गिऱ्हाईक हा पाहुणा, गणवेश ही वेशभूषा आणि काम ही भूमिका. पाहुण्यांच्या दृष्टीस पडणारी जागा तो रंगमंच, बाकी सारे विंगेत. झाडू मारणाराही रंगमंचावरच असतो. आमच्या नाटक कंपन्यांत झाडणाऱ्याला निदान हसावे लागत नसे.

1 ऑक्टोबर 1971 रोजी फ्लोरिडातील मॅजिक किंगडम सुरू झाले. तेथे तर विंगाच जमिनीखाली नेल्या. वास्तविक भूजल इतके वर आहे की खोल खोदणे शक्य नव्हते. म्हणून बोगदे जमिनीलगत बांधून वर राज्य उभारले. पाहुणे ज्याला रस्ता समजून चालतात तो वस्तुतः दुसरा मजला आहे. 1982 मध्ये एपकॉट उघडले आणि मनुष्यबळाची भूक आणखी वाढली. सुट्ट्यांत गर्दी फुगते, एरवी ओसरते. अशा धंद्याला ऋतूप्रमाणे येणारे-जाणारे, तरुण आणि बिऱ्हाड पाठीशी नसलेले हात हवे असतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीचा कार्यक्रम 1980 च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला, तो या पार्श्वभूमीवर. पुढे तो हजारोंच्या घरात गेला.

इंटरनेट रुळल्यानंतरच्या काळात अर्जाची रीत साधारण अशी होती. आधी संगणकावर अर्ज भरायचा. मग सहमत की असहमत, एवढेच विचारणारी स्वभावपरीक्षा. आणि ती पार पडली तर फोनवर छोटीशी मुलाखत. फोनवरही हसूनच बोलावे, हसू आवाजात ऐकू येते, असा सल्ला अर्जदार एकमेकांना देत. कोणत्या भूमिकेत किती रस आहे तेही नोंदवायचे: खाद्यगृह, दुकान, पाळणे, साफसफाई, जलतरण तलावावरील जीवरक्षण, हॉटेलातील खोल्यांची व्यवस्था. मिकी वा राजकन्या व्हायचे तर निवडचाचणी निराळी, आणि तिथे गुणांइतकीच उंचीही मोजली जाते. दाखल झाल्यावर पहिला धडा कंपनीच्या परंपरांचा. बोट रोखून दिशा दाखवायची नाही. दोन बोटे किंवा उघडा पंजा वापरायचा. तीनची मिरवणूक किती वाजता निघते, असे कुणी विचारले तर हसू दाबायचे. ती इथून केव्हा जाईल एवढेच त्याला जाणून घ्यायचे आहे, हे ओळखून उत्तर द्यायचे. या शेवटच्या शिकवणीत माणुसकी आहे, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

रूपाचे नियम कडक. वॉल्ट डिस्ने यांना स्वतःला मिशी होती. पण त्यांच्या उद्यानांतील पुरुषांना मिशी ठेवण्याची मुभा मिळायला 2000 साल उजाडले, आणि दाढीला 2012.

टीकाकारांनी हे सारे पाहिले नाही असे नव्हे. हवाईसुंदरींच्या कामाचा अभ्यास करून आर्ली हॉकशिल्ड यांनी 1983 मध्ये भावनांच्या श्रमाची कल्पना मांडली. स्वतः डिस्नेलँडमध्ये काम केलेल्या जॉन व्हॅन मानेन यांनी 1991 च्या निबंधात त्या उद्यानाला हास्याचा कारखानाच म्हटले. रॉस पर्लिन यांचे 'इंटर्न नेशन' 2011 मध्ये आले. ज्या कामासाठी पूर्णवेळ नोकर ठेवावे लागले असते ते विद्यार्थी स्वस्तात करतात, आणि वर काही जण त्याचे श्रेयांक मिळवण्यासाठी आपल्या महाविद्यालयाला शुल्क भरतात, असा त्यांचा आक्षेप होता. आम्हांला यातील दुसरा भाग अधिक गंभीर वाटतो. इतर अनेक इंटर्नशिपांप्रमाणे ही बिनपगारी नाही; तासाप्रमाणे वेतन मिळते, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने फारसा प्रश्न उरत नाही. परंतु बर्गर विकण्याला शिक्षण ठरवण्याचे काम कंपनीने एकटीने केलेले नाही. विद्यापीठांनीही त्यावर शिक्का मारला. कायदेमंडळही मागे राहिले नाही. 1990 च्या स्थलांतर कायद्याने सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी 'क्यू' व्हिसा निर्माण केला. त्याला लोक सरळ 'डिस्ने व्हिसा' म्हणू लागले. जास्तीत जास्त पंधरा महिने राहायचे आणि एपकॉटमधील आपल्या देशाच्या दालनात आपला देश होऊन उभे राहायचे. त्या अकरा दालनांत भारत नाही. भारताच्या वाट्याला अ‍ॅनिमल किंगडममध्ये 'आनंदपूर' आले, तेही काल्पनिक.

राहण्याची व्यवस्था मात्र स्वतंत्र विचार करण्याजोगी आहे. विद्यार्थी कंपनीने नेमलेल्या वसाहतीत राहत. भाडे आठवड्याच्या वेतनातून परस्पर कापले जाई. कामावर नेणारी बसही तिथूनच सुटे. ऑक्टोबर 1966 मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, वॉल्ट डिस्ने यांनी एपकॉटची जी कल्पना चित्रफितीत मांडली ती उद्यानाची नव्हती. ती वीस हजार वस्तीच्या खऱ्या शहराची होती. त्या शहरात जमिनीचा मालक कुणी नसणार, सारे भाडेकरू. निवृत्त माणसे नसणार, कारण प्रत्येकाला काम असलेच पाहिजे. ते शहर कधी बांधले गेले नाही, असे इतिहासकार सांगतात. आम्हांला वाटते, ते बांधले गेले, फक्त विद्यार्थ्यांसाठी. सगळे तरुण, सगळे भाडेकरू, सगळे नोकरीत, आणि नोकरी संपली की घरही संपले.

अडचण अशी, की त्या नगरीतून परतलेल्यांपैकी कितीतरी जण ते महिने आयुष्यातील सर्वांत सुखाचे होते असे सांगतात. पहिल्यांदाच घराबाहेर राहणे, परक्या देशांतील सोबती, मिकीला बिलगणारे मूल: हे सुख खोटे म्हणणे उद्धटपणाचे होईल. ते सुख वेतनाचाच एक भाग म्हणून हिशेबात धरले जाते, हेही तितकेच खरे. कचेरीतल्या जुन्या उमेदवाराला आशेवर राबवले जाई. इथे आशेची गरज नाही, कारण मोबदल्यातला आनंद जागच्या जागी चुकता होतो.

मार्च 2020 मध्ये साथीमुळे उद्याने बंद झाली. कार्यक्रम मध्येच संपवण्यात आला आणि हजारो विद्यार्थ्यांना अवघ्या काही दिवसांत खोल्या सोडाव्या लागल्या. जून 2021 मध्ये कार्यक्रम पुन्हा सुरू झाला, तेव्हा व्हिस्टा वे आदी जुन्या वसाहती त्याच्या हिशेबातून गेल्या होत्या. आता नवे विद्यार्थी फ्लेमिंगो क्रॉसिंग्ज नावाच्या नव्या, मोठ्या वसाहतीत उतरतात.